उपाशी ठेवलेला नेचा

तीर्थरूप आत्यास,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द कागदापुरता समज. ट्रे उचलून उचलून माझी कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेमतेम निम्मी अंगं सध्या कामावर आहेत. बाकीची रजेवरून परतली की उरलेला नमस्कार पोचता करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना दुखतात, की अजूनही फक्त नको असलेले पाहुणे आले की दुखतात? आतोबांचं कानातलं यंत्र सापडलं का? नसेल सापडलं तर त्यांच्या शर्टाच्या खिशात बघ. तू बोलायला लागलीस की ते काढून तिथे ठेवतात, हे तुला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. एरवी पत्रात हा शब्द हात आपोआप लिहून टाकतो, घरात तापाने कोणी फणफणत असलं तरी. या वेळी मात्र मी तो थांबून, विचार करून आणि एक मोठा उसासा टाकून लिहिला आहे. सगळं सुखरूप आहे. तेव्हा पुढचं वाचताना छातीवर हात ठेवू नकोस, आणि आतोबांना हाका मारून बोलावूही नकोस.

तू मागे आमच्याकडे राहून गेलीस तेव्हा मी काय काम करतो ते तुला दाखवलं होतं, पण तुला ते पटलं नव्हतं. पटत कोणालाच नाही. बाबा शेजाऱ्यांना "तो संशोधनात आहे" असं सांगतात आणि घाईने हवापाण्याचा विषय काढतात. म्हणून पुन्हा एकदा सांगतो. अझोला हा पाण्यावर तरंगणारा बारीक नेचा आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत एक सूक्ष्म शेवाळ राहतं. ते भाडं देत नाही, पण हवेतलं नत्र पकडून घरमालकाला खाऊ घालतं. म्हणून भाताच्या खाचरात हा नेचा सोडला की वरखत कमी लागतं. आमच्या खोलीत त्याला नेमून दिलेला उजेड, नेमून दिलेला गारवा, शुद्ध पाणी आणि चिमूटभर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, एवढं मिळतं. नत्र मात्र अजिबात द्यायचं नाही. ते त्याने स्वतः मिळवायचं. आपण दिलं तर त्याला फार कौतुक वाटतं असंही नाही, उलट तेवढ्या जेवणावर बाहेरचं फुकटं शेवाळ माजतं, पाणी गढूळ हिरवं होतं आणि घरमालक गुदमरून मरतो. (भाडेकरूंच्या बाबतीत तुझाही अनुभव काही वेगळा नाही.)

हे सगळं मी तुला खोलीच्या दारात सांगितलं होतं. तू तेव्हा प्लॅस्टिकची टोपी घालायची की नाही यावर माझ्याशी वाद घालत होतीस, त्यामुळे किती ऐकलंस कोण जाणे. चपला तू बदलल्यास, हात तू धुतलेस, पण पिशवी बाहेर ठेवायला साफ नकार दिलास. का, तर बाहेर ठेवली तर कोणी चोरेल. आत आलीस, फळ्यांवरचे ट्रे एकेक करून बघितलेस आणि म्हणालीस, "पोटाला काही घालत नाही, आणि वर दिवे लावून बघत बसता? निर्दयी आहात रे सगळे." मी म्हटलं, आत्या, तो हवेतून घेतो. तू म्हणालीस, "हवा खाऊन कोणी जगलंय का? हा बघ, किती बारीक झालाय." तो बारीकच असतो, हे सांगणार तेवढ्यात एसीवाल्याने बाहेरून हाक मारली. मी परत आलो तेव्हा तू खोलीच्या मधोमध, हात मागे बांधून, देवळातल्या खांबासारखी उभी होतीस, आणि "छान थंड आहे हो" एवढंच म्हणालीस. माझ्या छोट्याशा साम्राज्याचं कोणीतरी कौतुक केलं म्हणून मी त्या दिवशी फार खुशीत होतो.

आता त्या साम्राज्यावर काय बेतलं होतं ते ऐक. आमच्या खोलीतला नेचा साधासुधा नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे माझ्या साहेबीणबाईंनी, सगळी नोकरी खर्ची घालून कडक उन्हाला दाद न देणारा एक वाण सांभाळला आहे. तो आमच्याशिवाय कोणाकडे नाही. (राखीव ट्रे असतो का, असं तू विचारशील. असतो. त्याच खोलीत, खालच्या फळीवर, कोपऱ्यात असतो. आग लागली तर दोघे एकदमच जळावेत अशी आमची सोय.) आणि वरच्या लोकांच्या मनात ही खोली बंद करून तिथे समारंभाच्या खुर्च्या रचून ठेवायचं घाटत होतं. त्यासाठी समिती येऊन नेचा बघणार होती. वाण चांगला दिसला तर खोली राहणार, नाहीतर खुर्च्या. खुर्च्या आल्या की बाईंचा जन्म फुकट, आणि माझी रवानगी बियाण्याच्या लांबच्या गोदामात, जिथे जिवंत म्हणावेत असे फक्त उंदीर आहेत. ही इथल्या शाळेत शिकवते, म्हणजे मी तिकडे आणि ही इकडे. तर एवढं सगळं त्या नखाएवढ्या पानांवर तरंगत होतं.

आणि नेमक्या मोठ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ स्वतः मिटवली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला नंतर फार वाटलं.

तू गावाला परत गेलीस आणि नेचा लाल व्हायला लागला. आधी कडेकडेने, मग सगळाच. नेचा लाल झाला की समजावं, त्याचं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते मात्र तो सांगत नाही (या बाबतीत तो अगदी आतोबांवर गेला आहे). मी उजेड कमी केला. मग स्फुरद वाढवलं. मग घाबरून स्फुरद कमी केलं आणि उजेड वाढवला. एसीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्राला कान लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे साहेब. तापलेले तुम्ही आहात." रोज संध्याकाळी बाईंचा फोन यायचा. आधी मी बाळाची चौकशी करायची आणि मग त्यांनी नेच्याची, असा शिरस्ता पडला होता. पहिल्यांदा मी सांगितलं की तब्येत छान आहे, गालांवर लाली आलीय. हे तसं खोटं नव्हतं. पुढच्या वेळी म्हटलं, जरा शांत शांत असतो. बाई म्हणाल्या, "आमचंही बाळ तसंच आहे, झोपू दे त्याला." फोन ठेवल्यावर मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की हिने विचारलं, बाळाला काही झालं का?

त्यात आमच्या शंकासुराने उडी घेतली. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. सरबतात साखर जास्त झाली तरी त्यामागे कोणाचा हात आहे ते तो शोधतो. त्याचं म्हणणं, हा घातपात आहे आणि तो खुर्च्यांच्या लोकांनी केला आहे. त्याने माझी परवानगी न घेता खोलीच्या फरशीवर तोंडाला लावायची पावडर पसरली, पायांचे ठसे मिळावेत म्हणून. सकाळी ठसे मिळाले. त्याने कागदावर ते काढून घेतले, सगळ्यांचे बूट तपासले आणि विजयी मुद्रेने माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ठसे माझे होते. किल्ली माझ्याकडे, काम माझं, तर ठसे काय पोस्टमनचे असणार? पण त्याने माझी पुरती उलटतपासणी घेतली, आणि इतकी कसून घेतली की शेवटी शेवटी मलाच माझा संशय यायला लागला. पावडरीने फायदा एकच झाला. मरणाऱ्या नेच्याला मंद सुवास यायला लागला.

मग पाणी हिरवं झालं. नेच्याची मुळं गळून खाली बसली, लाल रंगाचा तपकिरी झाला, आणि तपकिरी झाल्यावर बघण्यासारखं काही उरलं नाही. मी एकेक ट्रे उचलून उजेडात धरला, पुन्हा ठेवला. (कंबर ती हीच.) राखीव ट्रेसुद्धा गेला होता. आत्या, मी तिथल्या उंच स्टुलावर बसून रडलो. डोक्यावर टोपी, पायात खोलीतल्या पांढऱ्या चपला, आणि रडतोय. एका बाईने जन्मभर जिवापाड जपलेली गोष्ट माझ्या हातात दिली होती, आणि ती माझ्या हातात मेली. गोदामाचं मला त्या वेळी खरंच काही वाटत नव्हतं. बाईंनी मिटवलेली मूठ तेवढी डोळ्यांपुढून जात नव्हती.

मात्र रडता रडता एक गोष्ट मला खटकली. रोग असा येत नाही. तो एका कोपऱ्यातून शिरतो, शेजाऱ्याला धरतो, एखाद्याला सोडून देतो. इथे वरच्या फळीपासून खालच्या कोपऱ्यातल्या राखीव ट्रेपर्यंत सगळे सारखेच आजारी होते, ना कोणी कमी ना कोणी जास्त. इतकी चोख वाटणी निसर्ग करत नाही. हे डोक्यात घोळवत मी घरी आलो. हिने सफरचंद कापलं होतं. एक फोड मोठी झाली म्हणून तिने तिचा कोपरा छाटला आणि तो लहान फोडीच्या ताटलीत ठेवला. मी बघत राहिलो तेव्हा म्हणाली, "आत्यांनीच शिकवलंय ना, पंक्तिप्रपंच करायचा नाही म्हणून." फोड माझ्या तोंडातच राहिली. मला त्या क्षणी काय सुचलं ते मी इथे लिहीत नाही. पत्राच्या या भागात मी अजून तुझा आज्ञाधारक भाचा आहे.

पुढची हकीगत आनंदाची आहे. योगायोगाने मला कळलं की एका हितचिंतकाच्या घरी आमचाच नेचा जिवंत आहे, नुसता जिवंत नाही तर चांगला गुबगुबीत आहे. मी सुट्टी टाकून गेलो आणि जेवणाचा डबा भरून नेचा आणला. बसमध्ये शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे असं विचारलं. मी झाकण किलकिलं करून दाखवलं. त्यांनी आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" मी हो म्हटलं. उतरेपर्यंत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. खोलीत आल्यावर मी तो नेचा इतक्या पाण्यांनी धुतला की बोटं सुरकुतली. त्यातून गोगलगाई निघाल्या, शर्टाचं एक बटण निघालं, आणि धुण्याच्या साबणाचा वास तर निघता निघेना. मग स्वच्छ ट्रे, शुद्ध पाणी, चिमूटभर स्फुरद, आणि जेवण नाही! जगला तर जगला, असं म्हणून दिवे लावले आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायला माझा हात धजेना, शेवटी शंकासुराने उघडलं. नेचा हिरवागार होता. मी शंकासुराला मिठी मारली. (त्याला त्यातही काहीतरी संशय आला.)

नेचा मनावर घेतो तेव्हा बघता बघता दुप्पट होतो. समिती ठरल्यापेक्षा बरीच उशिरा आली (समित्यांची ही एक सवय फार चांगली आहे), तोवर सगळे ट्रे काठोकाठ भरले होते. मोठ्या बाई आदल्या दिवशी परतल्या. त्यांनी वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, एक पान बोटाच्या टोकावर घेतलं आणि म्हणाल्या, "आहे बाई, माझाच आहे." समितीने बघितलं, माना डोलावल्या, खोली राहिली. खुर्च्या आता जिन्याखाली ठेवणार आहेत. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो आणि संध्याकाळीच घोरायला लागलो. हिने मला उठवलं नाही. इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड उतरला की माणसाला भूक आणि झोप एकदमच लागतात, हे मला नव्याने कळलं. खोलीत यापुढे बाहेरच्या कोणालाही, मग तो कितीही जवळचा असो, मी पाऊल ठेवू देणार नाही, अशी पाटी मी स्वतः रंगवून दारावर लावली आहे.

असो. गुडघ्यांना जप. आतोबांना नमस्कार सांग, आणि तो त्यांना ऐकू जाईल अशी व्यवस्था कर.

तुझा,
ठोंब्या

ता. क. तो हितचिंतक म्हणजे तू. ताईने तुझा नव्या साडीतला फोटो पाठवला होता, त्यात तुझ्यामागे अंगणातल्या धुण्याच्या टाकीवर हिरवी मखमल पसरलेली दिसली. फोटो मोठा करकरून बघितला तेव्हा ही म्हणाली, साडी एवढी आवडली का? लोक पिशवीत डोकेदुखीच्या गोळ्या बाळगतात, तू झाडांचं टॉनिक बाळगतेस. त्या बाटलीत काय काय आंबवलेलं असतं ते आतोबांनाही माहीत नाही, आणि ज्याच्या घरी जाशील त्याच्या कुंड्यांना ते पाजल्याशिवाय तू उठत नाहीस. आणि कुठूनही रिकाम्या हाती परतत नाहीस. दातांच्या डॉक्टरकडून तू वेल आणलीस तेव्हा तुझ्या तोंडात कापूस होता. तर त्या दिवशी मी एसीवाल्याकडे गेलो आणि तुला नेचा हवासा वाटला. न्यायचा कशात? बाटलीत. बाटली भरलेली. मग ती रिकामी करायला हवी, आणि समोर इतकी उपाशी लेकरं! तू प्रत्येक ट्रेमध्ये सारखं सारखं ओतलंस, कोपऱ्यातल्यालाही विसरली नाहीस, आणि रिकाम्या बाटलीत एक झुबका घालून हात मागे बांधून उभी राहिलीस. एका बाटलीने तू माझा सगळा नेचा मारलास आणि त्याच बाटलीने वाचवलास. रागवावं की पाया पडावं हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. शेवटी वर नमस्कार घातला आहे तोच ठेव. मी आलो तेव्हा तू ताईकडे गेली होतीस. आतोबांना मी नळ बघायला आलोय म्हणून सांगितलं, तेव्हा गळत असलेल्या नळाबद्दल त्यांनी काही विचारलं तर सांभाळून घे.

आणखी एक ता. क. खरं काम आता सांगतो. ट्रेला साबणाचा वास कसा आणि हा नेचा कुठून आणला असं बाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की धोका नको म्हणून थोडा नेचा बाहेर एका अनुभवी बाईंच्या देखरेखीखाली आधीच ठेवला होता. बाईंना ही दूरदृष्टी इतकी आवडली की त्यांनी ती समितीला सांगितली, आणि समितीला इतकी आवडली की बाई आणि समितीचे अध्यक्ष पुढच्या आठवड्यात तुझी टाकी बघायला येत आहेत. घाबरू नकोस. एवढंच कर: तोवर टाकीत धुणं धुऊ नकोस. सोबत प्लॅस्टिकच्या टोप्या पाठवतो आहे, त्या तुम्ही दोघांनी घालाव्यात आणि या वेळी वाद नको. चपला बदलायला सांगायच्या. नेचा कुठून आला असं विचारलं तर "उचलला" म्हणायचं नाही, "जतन केला" म्हणायचं. आतोबांनी यंत्र काढून ठेवलं तरी चालेल, किंबहुना काढूनच ठेवू दे.

शेवटचा ता. क. बाईंना मी सगळं खरं सांगून टाकलं. हे पत्र बंद करणार तेवढ्यात त्या टेबलापाशी आल्या आणि टोप्या कोणासाठी असं विचारलं, मग माझ्याच्याने राहवलं नाही. मला वाटलं, आता गोदाम. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, हा वाण त्यांनी तरुणपणी एका बागेच्या तळ्यातून, माळ्याची पाठ वळल्यावर, पाण्याच्या बाटलीत भरून आणला होता. कोणालाही विचारलं नव्हतं. आजवर कोणाला सांगितलंही नव्हतं. अध्यक्षांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा टोप्या घालाच. बाई येतील तेव्हा तुझी ती पिवळी जास्वंद परसात हलवून ठेव, त्यांची पर्स मोठी आहे. आणि दारावरची पाटी त्यांनी मला काढायला लावली. तू पुन्हा ये, खोलीत ये, पिशवी घेऊन ये, आणि जाताना न विचारता झुबका घेऊन जा. तुझ्या टाकीसारखी राखीव जागा आमच्या संस्थेला बांधता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. माझी फक्त एकच विनंती आहे, आत्या. पुढच्या वेळी बाटली घरूनच रिकामी करून आण.